जिवाणूंच्या डीएनएतली फॅटी ॲसिड्स: कामाची की धुण्यात राहिलेली?

गौरी_कलिना
जिवाणूंचा डीएनए कितीही शुद्ध केला तरी त्यात थोडी लिपिडं (स्निग्ध रेणू) आणि त्यांचे घटक असलेली फॅटी ॲसिड्स उरतात, असं काही संशोधक बरीच वर्षं मांडताहेत. माझ्या मते ती तिथे कामासाठीच असतात. जिवाणूत केंद्रकाचं आवरण नाही, डीएनए पेशीपटलाला खेटूनच असतो. जेकब, ब्रेनर आणि क्यूझँ या शास्त्रज्ञांनी 1963 मध्येच गुणसूत्र पटलाला जोडलेलं असावं असं सुचवलं होतं.

परळचा_संशयी
खेटून असणं वेगळं, बांधलेलं असणं वेगळं. डीएनएचा कणा ऋणभारित, फॅटी ॲसिडचं टोकही ऋणभारित. मधे धनभारित मॅग्नेशियम वगैरे नसेल तर जमायचं कसं? आणि पेशी फोडताना ईडीटीए हे रसायन घालून ते मॅग्नेशियमच आपण पकडून ठेवतो! डीएनए शुद्ध करायला फिनॉल-क्लोरोफॉर्म करताना मधला घाणीचा पांढरा थर सगळ्यांनी पाहिलाय. वरचं डीएनएचं पाणी ओढताना टिप जरा खाली गेली की झालं कल्याण. विरार फास्टमधून उतरल्यावर शर्टाला कुणाच्या तरी डोक्याचं तेल लागलेलं असतं, म्हणून ते शर्टाचं होतं का?

गौरी_कलिना
अहो सर, नुसतीच घाण असती तर पटलातल्याच प्रमाणात आली असती. ई. कोलाय या जिवाणूच्या पटलातल्या लिपिडांत सुमारे तीन चतुर्थांश फॉस्फॅटिडिलइथॅनॉलमीन, कार्डिओलिपिन हे दुसरं लिपिड जेमतेम. डीएनएत प्रमाण वेगळं निघालं तर? शिवाय सेकिमिझू आणि कॉर्नबर्ग यांचा 1988 चा शोधनिबंध बघा: डीएनएची प्रत काढायला सुरुवात करणारं डीएनए-ए प्रथिन एडीपी हा छोटा रेणू धरून निष्क्रिय बसतं, कार्डिओलिपिन त्याला ते सोडायला लावतं.

परळचा_संशयी
म्हणजे लिपिडाचा संबंध प्रथिनाशी आला, डीएनएशी कुठे? प्रमाणाचं म्हणाल तर शेवटी डीएनए इथेनॉल घालून खाली बसवतो, त्यात सगळी लिपिडं सारखी विरघळत नाहीत, निवड तिथेच होते. पामिटिक ॲसिड हे फॅटी ॲसिड तर बोटाच्या ठशातूनही येतं. डीएनए न घातलेल्या रिकाम्या नळीचा नमुना जीसीवर (फॅटी ॲसिड्स मोजायच्या गॅस क्रोमॅटोग्राफवर) लावला होता का कुणी, ते आधी विचारा.

माटुंगा_मायक्रो
भांडता कशाला? कार्बन-13 वर, म्हणजे ओळखता येणाऱ्या जड कार्बनवर वाढवलेल्या जिवाणूंची लिपिडं काढा आणि साध्या पेशी फोडताना त्या रसात मिसळा. शेवटी डीएनएत खुणेचं लिपिड आलं, तर चिकटणं पेशी फुटल्यावरचं.

परळचा_संशयी
हे बोललात!

गौरी_कलिना
घाई करू नका. बाहेरचं चिकटलं म्हणून आतलं नव्हतंच असं कुठे ठरतं? खुणेचं आणि बिनखुणेचं, दोन्हींचं गुणोत्तर मोजा. रसात जेवढं मिसळलं त्याच गुणोत्तरात डीएनएतही आलं तरच मी गप्प बसेन.