चावी ऑन केली की टाकीतला पेट्रोलचा पंप दोन सेकंदच का वाजतो?

प्रश्न: चावी ऑन केली की मागच्या सीटखालून २-३ सेकंद घुंऽऽ आवाज येतो नि बंद, स्टार्टर फिरतो पण गाडी चालू होत नाही. पंप गेला का?

उत्तर: अरे आवाज येतोय म्हणजे फ्यूज नि रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच) जिवंत आहेत. रिलेच्या ३० नंबर पिनवर बॅटरीचा करंट असतो, ईसीयूने (इंजिनच्या कंप्युटरने) रिलेच्या कॉइलला अर्थ दिला की तो ८७ नंबर पिनमधून पंपाला जातो, पण इंजिन फिरतंय असा क्रँक सेन्सरचा सिग्नल आला नाही तर ईसीयू मुद्दाम सप्लाय तोडतो, अपघातात पेट्रोल सांडत राहू नये म्हणून.

दुसरं उत्तर: आवाज आला म्हणजे प्रेशर आहेच असं नाही हां. स्टार्टर मारताना पंपाच्या प्लगवर व्होल्टेज बघ.

प्रश्नकर्ता: बघितलं, शून्य!

उत्तर: मग आधी क्रँक सेन्सर नि त्याची वायर तपास, टाकी खोलत बसू नको.