जुना डीलक्स रिव्हर्ब घेऊ की रिइश्यू?

भुसावळचा गिटारवाला:
१९६६ चा फेंडर डीलक्स रिव्हर्ब, म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प, मिळतोय. त्याच पैशात नवा '६५ रिइश्यू (कंपनीनेच जुन्या मॉडेलवरून पुन्हा काढलेला) येऊन वर पैसे उरतात. ऑर्केस्ट्रात वाजवतो, लग्नसराईत रोज गाव बदलतं. काय करू?

जळगावचा दुरुस्तीवाला:
भाऊ, रिइश्यू घे. असाच एक जुना माझ्या टेबलावर आला होता. चॅसिसवरचं पत्र्याचं झाकण काढलं, तर फिल्टर कॅपॅसिटरची (वीज साठवून सपाट करणारे भाग) टोकं फुगलेली, एकातून तपकिरी चिकट रस गळून वाळलेला. पन्नास-साठ वर्षांत ते वाळतातच, ते बदलणं आलंच. मूळ वायरही दोन पिनांची, अर्थिंग नाही. मांडवात ओल्या जमिनीवर उभं राहून वाजवतोस, म्हणून सांगतो. शिवाय अमेरिकेतला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा जड स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर सोबत वागवायचा. रिइश्यू २३० व्होल्टचा मागव. आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तेच, दोन सिक्स-व्ही-सिक्स, २२ वॅट.

धुळेकर:
पण जुन्याची वायरिंग हाताने जोडलेली, रिइश्यूत छापील बोर्ड. आवाजात फरक आहेच ना?

जळगावचा दुरुस्तीवाला:
आहे थोडा, पण बराचसा जुन्या स्पीकरचा. हाताची वायरिंग दुरुस्तीला सोपी, हे मात्र खरं. छापील बोर्डावरचा पॉट (बटणाखालचा फिरता भाग) बदलायला अख्खा बोर्ड उचलावा लागतो. घरात रेकॉर्डिंगला ठेवणार असता, तर जुनाच घे म्हणालो असतो.

भुसावळचा गिटारवाला:
ओल्या जमिनीचं लक्षातच नव्हतं, दादा. रिइश्यूच घेतो. आला की आधी तुमच्याकडे आणतो.