मदत हवी आहे: सिरीयल इंटरफेस अप, पण प्रोटोकॉल डाउन

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर सिरीयल केबलने जोडलेत. एकाला १०.०.०.१, दुसऱ्याला १०.०.०.२, मास्क २५५.२५५.२५५.२५२. दोन्हीकडचे इंटरफेस चालू केलेत (हे कुणीतरी विचारणारच!). तरी पहिल्यावर ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ ही कमांड दिली की स्टेटस अप आणि प्रोटोकॉल डाउन. म्हणजे केबल ठीक, घोळ दुसऱ्या लेयरवर (डेटा लिंक, केबलच्या वरचा थर) असावा. ‘शो कंट्रोलर्स’मध्ये डीसीई बाजू (लिंकला क्लॉक देणारी) बघून तिथेच क्लॉक रेट (सेकंदाला किती बिट) ६४००० ठेवलाय. आता संशय एन्कॅप्सुलेशनवर (डेटा कोणत्या पद्धतीच्या फ्रेममध्ये गुंडाळून पाठवायचा ते). पहिला राउटर डीफॉल्ट एचडीएलसीवर (अशीच एक पद्धत) आहे आणि वेगवेगळ्या कंपन्यांचं एचडीएलसी एकमेकांशी जुळेलच असं नाही. दोन्हीकडे पीपीपी (वेगवेगळ्या कंपन्यांच्या राउटरना चालणारी प्रमाणित पद्धत) लावलं तर पुरेल, की ऑथेंटिकेशनही (पासवर्डने एकमेकांची ओळख तपासणं) द्यावंच लागतं? इथरनेट इंटरफेस व्यवस्थित चालतात, त्यांना हात लावायचा नाहीये.