मदत हवी आहे: भगिनीभाषांसाठी रचलेल्या भाषांविषयी

नमस्कार. मी सांगलीत राहतो आणि एकाच कुळातील भाषा बोलणाऱ्यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून मुद्दाम रचलेल्या भाषांचा अभ्यास करीत आहे. सतराव्या शतकात युराय क्रिझानिच या क्रोएशियन धर्मगुरूने सैबेरियातील तोबोल्स्क येथे हद्दपारीत असताना सर्व स्लाव्ह लोकांना समजेल अशा भाषेचे व्याकरण लिहिले. आजची इंटरस्लाव्हिक त्याच वाटेने पुढे आली असून, बहुतेक स्लाव्ह भाषांत आढळणारा शब्द ती स्वीकारते, त्यामुळे ती न शिकलेल्या पोलिश किंवा सर्ब वाचकालाही मजकुराचा बराचसा अर्थ लागतो.

मराठी, कोकणी, गुजराती, हिंदी आणि बांगला यांसाठी असा आराखडा करता येईल का? (सांगलीच्या बाजारात रोज कानावर पडणारी कन्नड वेगळ्या कुळातील असल्याने वगळावी लागते, याचे वाईट वाटते.) तत्सम शब्दांचा मोठा साठा सामाईक असल्याने शब्दसंग्रहाची मला फारशी चिंता नाही. अडचण व्याकरणाची आहे: मराठी व गुजरातीत तीन लिंगे, हिंदीत दोन, तर बांगलात व्याकरणिक लिंगच नाही; शिवाय मराठीत कर्त्याला लागणारा ‘ने’ गुजरातीत कर्माला लागतो, म्हणजे ओळखीचा प्रत्ययच वाचकाची दिशाभूल करतो.

भारतीय आर्य भाषांसाठी यापूर्वी असा प्रयत्न झाला असल्यास कृपया कळवावे. तसेच ज्यांच्या घरी गुजराती किंवा कोकणी बोलली जाते, त्यांनी मी तयार केलेला छोटा उतारा वाचून कोणते वाक्य कुठे अडते ते सांगितल्यास मी ऋणी राहीन.