मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर हातासाठी आरटीएमएस घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या बहिणीला पाच महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी अडकून स्ट्रोक झाला. डाव्या बाजूला, त्यामुळे उजवं अंग गेलं. बोलणं लवकर सुधारलं, आता काठी घेऊन चालते, कठडा धरून जिनाही चढते. अडलंय ते हातापाशी. खांदा उचलता येतो, कोपर बऱ्यापैकी हलतं, पण बोटं उघडत नाहीत. एकदा मूठ वळली की दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं. लिहिणं, वेणी घालणं, सगळं उजव्या हाताचं होतं तिचं. तो हात परत यावा म्हणून ती रोज जिवाच्या आकांताने व्यायाम करते.

पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी आता आरटीएमएस सुचवलंय. डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय पल्स द्यायचे, शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, आणि लगेच पुढे हाताची फिजिओथेरपी. मला समजलं ते असं: मेंदूच्या दोन्ही बाजू एकमेकींना आवर घालत असतात. एक दुखावली की चांगल्या बाजूचा आवर तिच्यावर भारी पडतो, असं मानतात. म्हणून एकतर चांगल्या बाजूला सेकंदाला एक पल्स अशा संथ गतीने शांत करायचं, नाहीतर दुखावलेल्या बाजूला जलद पल्स देऊन जागं करायचं. ताईला पहिला प्रकार देणार आहेत.

वाचायला बसले आणि गोंधळ वाढला. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक शिफारशींत नेमक्या ह्याच संथ प्रकाराला, हाताच्या हालचालीसाठी, वरची श्रेणी दिली आहे, पण ती स्ट्रोकनंतरच्या सुरुवातीच्या काही महिन्यांसाठी. उलट 2018 मध्ये आलेल्या ‘निश’ चाचणीत 199 रुग्ण होते, स्ट्रोकला 3 ते 12 महिने झालेले, आणि खरं उत्तेजन व खोटं उत्तेजन मिळालेले दोन्ही गट सारखेच सुधारले: दोन्हीकडे साधारण दोन तृतीयांश रुग्ण. मग पाचव्या महिन्यातल्या ताईने कशावर विश्वास ठेवायचा?

दुसरं, दुखावलेल्या बाजूचं नुकसान फार असेल तर चांगली बाजूच हात हलवायला मदत करते असंही वाचलं. मग तिलाच शांत करणं उलट पडणार नाही ना? तिसरं, घरी वापरायचं टीडीसीएसचं यंत्र (डोक्याला सौम्य वीजप्रवाह देणारं) मागवू असं भाऊ म्हणतोय. आणि हो, स्ट्रोकच्या पहिल्या आठवड्यात ताईला एकदा फिट आली होती, नंतर कधीच नाही. त्याने काही फरक पडतो का?

प्रतिसाद

तुमचा शेवटचा प्रश्न मी सर्वांत आधी घेते. मी न्यूरो-फिजिओथेरपिस्ट आहे. पहिल्या आठवड्यातली फिट आणि नंतर जडलेला अपस्मार ह्या वेगळ्या गोष्टी, आणि संथ पल्सचा धोका जलद पल्सपेक्षा कमी मानला जातो. तरीही हे न्यूरॉलॉजिस्टने ठरवल्याशिवाय कॉइल डोक्याला लावू देऊ नका. चालू औषधांची यादीही द्या, काही औषधांनी फिटचा उंबरठा खाली येतो, म्हणजे फिट सहज येऊ शकते. पेसमेकर, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, मेंदूतल्या धमनीवरची धातूची क्लिप असेल तर तेही सांगायचं.

आता चांगल्या बाजूचा मुद्दा. तुम्ही अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. दुखावलेल्या बाजूला एकेक पल्स देऊन हाताच्या स्नायूत प्रतिसाद उमटतो का, हे इलेक्ट्रोड लावून पाहता येतं. त्याला एमईपी म्हणतात. तो आला तर मेंदूपासून हातापर्यंतचा मार्ग काही प्रमाणात शाबूत आहे. ऑकलंडच्या संशोधकांनी तर हात कितपत परतेल ह्याचा अंदाज बांधायच्या पद्धतीत ही तपासणी घेतली आहे. ती स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दिवसांत करतात, पण प्रश्न आजही तोच. एमईपी अजिबात येत नसेल तर चांगल्या बाजूला दाबण्यामागचा तर्क लंगडा पडतो. डॉक्टरांना विचारा: एमईपी पाहिला का, आणि त्यावरून बाजू ठरवली का?

‘निश’कडे मी वेगळ्या नजरेने पाहते. दोन्ही गटांना हाताची भरपूर, कामाशी जोडलेली थेरपी मिळाली होती. म्हणजे काही महिने उलटल्यावरही मेहनतीने हात सुधारला. खोटी कॉइल पूर्ण निष्क्रिय नसावी अशीही शंका पुढे घेतली गेली. पण आरटीएमएस घेऊन व्यायाम कमी केला तर हाती काही लागणार नाही, हे मी ठामपणे सांगते.

प्रतिसाद

माझ्या वडिलांना दिलं होतं. टकटक आवाज मोठा असतो, कानात बोळे घालतात. डोक्याची कातडी ओढल्यासारखी वाटते, थोडं डोकं दुखतं, एवढंच. एक सल्ला: सुरू करण्याआधी आणि संपल्यावर फ्यूगल-मायर (स्ट्रोकनंतरची हालचाल गुणांत मोजायची चाचणी) मोजून घ्या. हाताचे एकूण 66 गुण असतात, साधारण पाचेक गुण वाढले तर फरक खरा धरतात. नुसतं ‘बरं वाटतंय’ ह्यावर पुढची सत्रं ठरवू नका.

घरच्या यंत्राला कृपया नाही म्हणा. टीडीसीएसमध्ये करंट 1 ते 2 मिलीअँपिअरच असतो, पण इलेक्ट्रोडखालचा ओला स्पंज कोरडा पडला की कातडी भाजते. इलेक्ट्रोड कुठे लावायचा हे घरी ठरवणं धोक्याचं, आणि हाताच्या बाबतीत पुरावाही अजून पक्का नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पूर्वतपासणीचा अर्ज अजून भरायचाच आहे, त्यात फिट आणि औषधं दोन्ही लिहिते. एमईपीबद्दल फोनवर विचारलं, पहिल्याच भेटीत पाहतात म्हणाले. भावाने यंत्राचा विषय सोडला. आता एकच: सत्रानंतरच्या तासात नेमकं काय करून घ्यायचं? बोटंच उघडत नाहीत तर सराव कशाचा?

प्रतिसाद

आधी बघा की बोटं अशक्तपणामुळे उघडत नाहीत की ताठरपणामुळे. ताठरपणा जास्त असेल तर बोट्युलिनम इंजेक्शनबद्दल विचारा, मूठ सैल झाली की सरावाला जागा मिळते. अशक्तपणा असेल तर मनगटामागच्या, बोटं उघडणाऱ्या स्नायूंना विद्युत उत्तेजन देत वस्तू सोडण्याचा सराव करतात. पकडण्यापेक्षा सोडणं जास्त वेळा करून घ्या. मनगट खाली वाकवलं की बोटं आपोआप थोडी सैल होतात, तिथून सुरुवात करा. आरसा थेरपीही जोडा, म्हणजे आरशात चांगल्या हाताची हालचाल पाहत सराव. चांगला हात बांधून ठेवण्याची थेरपी मात्र मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी उघडायला लागल्यावरच. एमईपीचा निकाल आला की इथेच कळवा, पुढचे व्यायाम त्यावरून सांगते.