लोएब मोठा की सित्रोएन?

घाटातला: रॅलीच्या जागतिक स्पर्धेत (डब्ल्यूआरसी) नऊदा जिंकलेल्या सेबास्टियन लोएबबद्दल एफवनच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय, "लोएबची नऊ जेतेपदं ही सित्रोएनची कमाई, त्या गाडीत कोणीही जिंकला असता." २००६ला सित्रोएन कंपनीचा अधिकृत संघ मैदानातच नव्हता. लोएब क्रोनोस या खाजगी संघाची सित्रोएन क्सारा चालवत होता. त्यात सायकलवरून पडून हात मोडला, शेवटच्या चार रॅली बुडाल्या. तरी प्रतिस्पर्धी ग्रोनहोमला एका गुणाने मागे टाकलं. कोणीही म्हणजे नक्की कोण, तेवढं सांगा.

जुना_सुबारू: वाक्य माझंच आहे, मागे घेणार नाही. २००४ ते २०१२ समोर होतं कोण? जुन्या विजेत्यांपैकी माकिनेन निवृत्त, बर्न्स आजारी, मॅक्रे बाहेर. ९५चा जगज्जेता मॅक्रे बघा, मग बोला.

घाटातला: २००३ला मॅक्रे लोएबच्याच संघात होता, त्याच गाडीत! लोएबने तीन रॅली मारल्या, मॅक्रेने शून्य.

जुना_सुबारू: उतरतीचा मॅक्रे धरायचा आणि ऐन भरातला लोएब. छान सोय आहे.

डावं_उजवं: दोघांपैकी एकाने तरी दानिएल एलेनाचं नाव घेतलं का? नऊच्या नऊ वेळा शेजारी बसून पेसनोट्स (पुढच्या वळणांची टिपणं) त्यानेच वाचल्या. मी नवऱ्याबरोबर टीएसडीला (ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या वेगाने जायची रॅली) नेव्हिगेटर होते. मांडीवर रोडबुक, हातात पेन, खड्ड्यात अक्षरं नाचतायत, त्यात अंतर मोजणारा ट्रिपमीटर शून्य करायचा. वळण चुकलं की शिव्या मला, कप मिळाला की फोटो ह्यांचा.

जुना_सुबारू: ताई, टीएसडी म्हणजे घड्याळ बघत गाडी हाकणं. डब्ल्यूआरसीशी तुलना कशाला?

डावं_उजवं: ताई नको आणि शिकवणीही नको. एकदा बसा त्या सीटवर, उलटी न करता पहिला कंट्रोल (वेळ नोंदवायचा थांबा) गाठलात तरी पुष्कळ.

घाटातला: अहो, धागा लोएबचा आहे! २०२२ची माँटे कार्लो त्याने एलेनाशिवाय जिंकली. ४७व्या वर्षी, फोर्ड प्यूमात. म्हणजे सित्रोएनही नाही.

डावं_उजवं: शेजारी इझाबेल गाल्मिश होती, शाळेत गणित शिकवणारी. तिचं नाव लिहायला बोटं दुखली का?

घाटातला: बरं, गाल्मिशबाईंचा विजय असो. खूश?

जुना_सुबारू: आघाडीवरच्या ओजिएचा टायर शेवटून दुसऱ्या स्टेजला फुटला, तेही लिहा की.

घाटातला: टायर फुटतात. रॅली आहे ती, लग्नाची वरात नाही.

जुना_सुबारू: ठीक आहे, २००६ तुमचं. तेवढंच. पण या देवाला डाकारची वाळवंटी रॅली काही पावली नाही, आणि थोरल्या कार्लोस साइन्झने साठी ओलांडून चौथ्यांदा नेली. त्याचा वेगळा धागा काढतोय, तिकडे या.