मदत हवी आहे – बाबांचा पाय कापल्यानंतर काय काय करावं

नमस्कार मंडळी, बाबांना शुगर खूप वर्षांपासून, त्यातून गँगरीन झालं आणि दिवाळीनंतर डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जखम भरलीये, पण रात्री अचानक उठून बसतात आणि म्हणतात अंगठा पिळवटतोय, आणि चादरीवरून हात फिरवत बसतात जिथे पाऊलच नाहीये. डॉक्टर म्हणाले हे फँटम पेन, खरंखुरं दुखणं असतं, मनाचे खेळ नाहीत. आरशासमोर चांगला पाय हलवायचा व्यायाम असतो म्हणे, कुणी घरी केलाय का, फरक पडला का?

दुसरं, गुडघा आखडू नये म्हणून खाली उशी ठेवायची नाही असं फिजिओने बजावलंय, पण उशीशिवाय त्यांना झोपच लागत नाही, मग आमची रोज वादावादी.

जयपूर फूट (कृत्रिम पाय) बसवायचाय. बसवल्यावर शेतातल्या मातीत, चिखलात चालता येतं का? त्यांना तेवढंच हवंय, बांधावर जायचंय. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) फॉर्म ऑनलाइन भरलाय, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला की एसटीची सवलत पण मिळेल.

पण सगळ्यात अवघड म्हणजे पाहुणे आले की बाबा पायावर चादर ओढून आतल्या खोलीतच पडून राहतात, आईशीपण धड बोलत नाहीत. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी प्लीज सांगा, बोलायला सुरुवात कुठून केलीत? आणि पाय गमावलेलं कुणी स्वतः त्यांच्याशी फोनवर बोलायला तयार असेल तर मला मेसेज करा.